सांगलीच्या गणपती पेठेतलं प्रचार साहित्याचं दुकान: माल बरा, बिल एक नंबर

एरवी या दुकानात गेलात तर लग्नाचे फेटे, मंडळांचे टी-शर्ट, शाळांचे बॅज आणि वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतील. आचारसंहिता लागली की फेटे माळ्यावर जातात आणि खाली उपरण्यांच्या थप्प्या येतात. सगळ्या पक्षांच्या, शेजारी शेजारी. चौकात एकमेकांच्या अंगावर जाणारे कार्यकर्ते इथे एकाच बाकड्यावर बसून भडंग खात आपापल्या झेंड्यांची वाट बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुकानाचं नाव देत नाही. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनीच सांगितलं, "ताई, लिवा काय लिवायचं ते, पण नाव घालू नका. एका पार्टीनं चांगलं म्हटलं की दुसरी पार्टी ऑर्डर फिरवती." गणपती पेठेत कुणालाही विचारा, बोळ दाखवतील.

माझा धंदा हिशेबाचा. विश्रामबागेत छोटं ऑफिस आहे. जीएसटी, इन्कम टॅक्स, सोसायट्यांची दप्तरं. २०२४ च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या एका उमेदवाराची खर्चाची नोंदवही माझ्याकडे होती. कोण, कुठल्या पक्षाचा, आला की पडला, हे विचारू नका. अशिलाचं बाहेर बोलायचं नसतं. सांगायचं इतकंच की माझा या दुकानाशी संबंध आला तो बिलं तपासणारी म्हणून. त्यामुळे उपरण्याच्या मऊपणापेक्षा बिलावरच जास्त लिहिलं जाणार आहे.

तरी आधी मालाचं सांगते. उपरणी दोन प्रकारची, साटीन आणि सुती. साटीनचं स्वस्त पडतं आणि फोटोत चमकतं, पण गळ्यावर राहत नाही. मोटारसायकल रॅलीत निम्मी उपरणी रस्त्यावर पडतात आणि मग विरोधक ती गोळा करून व्हिडिओ काढतात. पैसे असतील तर सुतीच घ्या. झेंड्यांची शिवण चांगली आहे, काठीसाठीचा नेफा दुहेरी टीप मारून देतात. फ्लेक्स साधा आणि स्टार असा दोन्ही मिळतो. साध्याच्या रिंगा वाऱ्यात फाटतात, नदीकाठच्या गावांत तर एका रात्रीत. टोप्या ठीक. बिल्ल्यांच्या पिना गंजक्या निघाल्या तर बदलून देतात, कटकट न करता.

यांचं खरं कसब चिन्हाच्या बाबतीत दिसतं. पक्षवाल्यांचं चिन्ह ठरलेलं असतं, पण अपक्षाला ते अर्ज माघारीनंतर मिळतं. २०२४ ला माघारीची मुदत ४ नोव्हेंबर होती आणि प्रचार १८ ला संध्याकाळी बंद. म्हणजे दोन आठवडे, तेही कारागीर दिवाळीला गावी गेलेले असताना. अपक्षाची ऑर्डर म्हणजे सगळ्या दुकानाची रात्र. त्याच वर्षी लोकसभेला सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून लिफाफा चिन्हावर निवडून आले. तोवर लिफाफा हे कुणाचंच चिन्ह म्हणून लोकांच्या डोळ्यांपुढे नव्हतं. एवढ्या थोड्या दिवसांत ते वाड्यावस्त्यांवर पोचवायचं तर पेठेतल्या शिलाई मशिनी आणि प्रिंटर काय वेगानं चालले असतील, बघा.

डिझाइन आप्पांची सूनबाई करते. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर तिचा हात बसलेला आहे, जोडाक्षरं मोडत नाहीत, आणि उमेदवाराच्या भाच्यानं व्हॉट्सॅपवर पाठवलेला मजकूर ती स्वतः शुद्ध करून घेते. 'जनसेवक'चा 'जनशेवक' झालेला फ्लेक्स या दुकानातून बाहेर पडलेला मी तरी पाहिला नाही. बाहेर बरेच पाहिलेत.

आता बिलाकडे येते.

काउंटरवर गेलात की पहिला प्रश्न साइजचा नसतो. आप्पा चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "बिल कुणाच्या नावानं?" त्यांच्या मागे भिंतीवर हातानं लिहिलेली पाटी आहे की मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापल्याशिवाय काम घेतलं जाणार नाही. ही हौस नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क आहे. जो छापून घेतो त्यानं सही केलेलं घोषणापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्ष करायची, आणि छापणाऱ्यानं ते छापील प्रतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड ऐकून हसू येतं, पण आप्पा हसत नाहीत. ते म्हणतात, "दोन हजाराचं काय न्हाई. साक्षीला चारदा बोलावत्यात, तो धंदा बुडतो."

बिल कसं असतं, तर चोख. किती फूट बाय किती फूट, नग किती, दर काय, जीएसटीसाठी लागणारा मालाचा एचएसएन कोड, जीएसटी वेगळा, कुठल्या सभेसाठी ते खाली. ज्यांनी निवडणुकीचा हिशेब ठेवलेला नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. निवडणूक आयोगाच्या नोंदवहीला तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. प्रचारात ती किमान तीनदा खर्च निरीक्षकांपुढे ठेवावी लागते. तिकडे त्यांची माणसं समांतर नोंदवही लिहीत असतात. कॅमेरावाला सभेत येतो, खुर्च्या, झेंडे, गाड्या सगळं टिपून नेतो, आणि जिल्ह्याच्या दरपत्रकानं गुणाकार होतो. चहा, वडापाव, मंडप, स्पीकर, सगळ्याला दर ठरलेला. आपल्या बिलात 'बॅनर व इतर साहित्य, एकूण रुपये इतके' असं मोघम लिहिलेलं असलं की त्यांचा आकडा खरा धरला जातो. या दुकानाचं बिल पुढे केलं की बोलणं मिटतं. दुसऱ्या एका ठिकाणचं बिल वहीच्या फाडलेल्या पानावर होतं, त्यावर गणपतीचं चित्र होतं आणि तारीख नव्हती. त्यावर मी अख्खी दुपार घालवली आहे.

रोखीचा नियमही इथे पाळतात. एका माणसाला अख्ख्या निवडणुकीत मिळून दहा हजारांच्या वर रोख द्यायची नाही. त्यामुळे चेक किंवा ऑनलाइन, तेही उमेदवाराच्या निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यातून. पोतडीत नोटा घेऊन आलेल्या पोरांना आप्पा सरळ परत पाठवतात.

यावरून तुम्हाला वाटेल की दुकान म्हणजे हरिश्चंद्राचा अवतार. तसं नाही. त्यांना कायदा माहीत आहे, म्हणजे कायद्याची दारंही माहीत आहेत.

विधानसभेला महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. २०२२ पासून हेच आकडे आहेत. पारावर बसलेल्या माणसालाही हा आकडा सांगितला की तो मिशीत हसतो. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या एका कार्यक्रमात बोलून गेले होते की २००९ च्या लोकसभेला आपला आठ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा २५ लाख होती. आयोगानं नोटीस काढली, गाजावाजा झाला. पण मुंडे बोलले म्हणून कळलं. बाकीच्यांच्या वह्या नीटनेटक्याच होत्या. वही चुकली तर होतं काय? निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही किंवा तो नीट नसला तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. झारखंडचे माजी मुख्यमंत्री मधू कोडा यांच्यावर ही वेळ आली, पण कधी? २००९ च्या हिशेबाबद्दल २०१७ मध्ये.

मी काउंटरवर बिलं जुळवत बसले होते तेव्हाची गोष्ट. एक क्रशरवाले, म्हणजे खडी फोडायच्या यंत्राचे मालक, आले. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, बाहेर गाडी चालू ठेवलेली. त्यांना उपरणी आणि मोठे फ्लेक्स हवे होते, माझ्या नव्हे, दुसऱ्याच एका उमेदवारासाठी. म्हणाले, "बिल माझ्या फर्मच्या नावानं करा. कामगार मेळावा म्हणून टाका."

आप्पांनी विचारलं, "मेळाव्याला उमेदवाराचा फोटो कशाला लागतोय?"

क्रशरवाल्यांनी एक फोन खिशात घातला. "बरं, त्याचा फोटो काढा. साहेबांचा ठेवा."

"साहेब कुठले उभारलेत?"

"न्हाईत की. म्हणून तर म्हणतोय."

"मग पार्टीच्या नावानं बिल होईल. पार्टीच्या ऑफिसातनं पत्र आणा."

संध्याकाळी पत्र आलं. चहा पिऊन होईपर्यंत ऑर्डर मार्गी लागली. पैसे कुणी कुठून पार्टीच्या खात्यात भरले हे दुकानाला माहीत असायचं कारण नाही, मलाही नाही.

यातली मेख अशी की उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. कुणा एका उमेदवाराचं नाव नसलेला, नुसता पक्षाचा आणि नेत्याचा प्रचार उमेदवाराच्या वहीत येत नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कंवरलाल गुप्ता खटल्यात स्पष्ट म्हटलं होतं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराचाच धरा, नाहीतर मर्यादेला अर्थ काय? त्याच वर्षी संसदेनं कायदाच बदलला आणि पक्षाचा, मित्रांचा खर्च बाहेर काढला. २००३ मध्ये ती सूट आवळली, स्टार प्रचारकांचा प्रवास तेवढा ठेवला. पण सर्वसाधारण प्रचाराचा दरवाजा उघडाच आहे आणि त्यातून क्रशरवाले रोज ये-जा करतात. मर्यादा ज्यांनी ठरवायची त्यांनीच ती बदलली, म्हणून न्यायालयाचा निकाल वर्षभरही टिकला नाही.

उमेदवाराच्या परवानगीशिवाय परस्पर त्याच्यासाठी खर्च केला तर तो गुन्हा आहे, हेही लिहून ठेवते. जुन्या दंडसंहितेत त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होता. आणि सूट होती ती दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला, तीही दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता घेतली तर. दहा रुपयांत आज या दुकानात बिल्ला येत नाही.

पत्र येईपर्यंत क्रशरवाले बसूनच होते. मोकळा माणूस. मी विचारलं, "दादा, एवढं कशापायी?" म्हणाले, "ताई, मी काय दानधर्म करत न्हाई. पाच वर्षांनी एकदा पेरायचं." मग हिशेबच मांडला. रॉयल्टीच्या पावत्या, रस्त्याच्या कामाची थकलेली बिलं, एका खाणीची अडकलेली मुदतवाढ. त्यांना कुणाकडून काही फुकटात लिहून घ्यायचं नव्हतं. बिल अडलं की फोन लागला पाहिजे आणि पलीकडून "बोला अण्णा" असं आलं पाहिजे, एवढ्याची ती किंमत. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीत क्रशरची धूळ जाते त्याच्याकडेही तोच नंबर असतो, पण त्याचा फोन पीए उचलतो.

वर म्हणाले, "आमचं काय मोठं आहे? मोठ्यांनी तर बाँड घेतले."

ते खरं होतं. निवडणूक रोखे म्हणजे २०१८ पासून स्टेट बँकेच्या ठराविक शाखांत मिळणारा कागद, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा. कंपनीनं घ्यायचा, पक्षानं पंधरा दिवसांत वटवायचा, आणि मतदाराला दोघांची गाठ कळणार नाही. त्या कागदावर अतिनील प्रकाशात दिसणारा एक क्रमांक होता, म्हणजे लपवाछपवी मतदारापुरतीच. त्याच सुमाराला कंपनीच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांचीच देणगी देता येईल हा नियमही काढून टाकला, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा उदार व्हायला मोकळी. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे सगळं घटनाबाह्य ठरवलं. मतदाराला माहिती असण्याचा हक्क आहे म्हणून. बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयानं दिली नाही, आणि १४ मार्चला याद्या बाहेर आल्या. सर्वांत मोठी खरेदीदार होती लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. त्यामागे मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. बहुतेक सगळी रक्कम एक-एक कोटीच्या रोख्यांतली. हजाराचा रोखा घेणारा सामान्य देणगीदार तिथे शोधूनच काढावा लागतो.

क्रशरवाल्यांना निकालाचं दुःख नव्हतं. "तिकडं अमेरिकेत तर उघड चालतंय," म्हणाले. हा मुद्दा आपल्याकडे कुणीही फेकतं, म्हणून जरा थांबते. अमेरिकेत २०२४ ला एक माणूस एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी थेट ३,३०० डॉलरच देऊ शकत होता. पण २०१० च्या निकालांनंतर तिथे सुपर पॅक नावाची मंडळं झाली. उमेदवाराशी संगनमत न करता, स्वतंत्रपणे, ती हवा तितका पैसा खर्च करू शकतात. संगनमत नाही हे कागदावर. एलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये २५ कोटी डॉलरहून जास्त पैसा त्या निवडणुकीत ओतला. हा आकडा आपल्याला माहीत आहे याचं कारण तो त्यांच्या निवडणूक आयोगाकडे नोंदलेला आहे. तिथेही ना-नफा संस्थांच्या आडून नाव न सांगता पैसा येतोच. म्हणजे तिकडे उघड चालतं हे अर्धंच खरं, आणि जे उघड आहे त्यानं वजन कमी होतं असंही नाही. क्रशरवाल्यांचा मुद्दा मला एवढ्यासाठीच मान्य नाही.

बाकड्यावर मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी बसले होते. त्यांनी वॉलमार्टची आठवण काढली. २०१२ साली किराणा क्षेत्रात परदेशी कंपन्यांना ५१ टक्के गुंतवणुकीची वाट मोकळी झाली तेव्हा देशभरातल्या व्यापाऱ्यांत रान पेटलं होतं. आणि त्याच डिसेंबरात बातमी आली की वॉलमार्टनं २००८ पासून अमेरिकेत लॉबिंगवर, म्हणजे सरकारदरबारी आपलं म्हणणं रेटण्यावर, सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले, आणि त्यातल्या अनेक विषयांत भारताच्या बाजारात शिरकाव हाही एक विषय होता. ही माहिती आपल्याकडे कुणी खणून काढली नव्हती. तिथल्या १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिस्टला नाव, गिऱ्हाईक, विषय आणि पैसे नोंदवावे लागतात, त्या अर्जांत ती होती. मग आपल्या संसदेत गोंधळ झाला आणि निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली गेली. आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही. त्यामुळे आपल्या बाजारावर बाहेर कोण बोलतंय ते वॉशिंग्टनच्या कागदातून कळतं, आणि आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर कोण बोलतंय ते कळायला या दुकानातल्या बाकड्यावर बसावं लागतं.

आप्पांनी त्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांचं सिमेंट प्रकरण काढलं. त्यांनी दुकानाचा वरचा मजला त्याच काळात बांधायला काढला होता. सिमेंट परवान्यावर मिळायचं, परवाना मुंबईहून सुटायचा, आणि बिल्डरांनी मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानला दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचा संबंध आहे असं जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी म्हटलं. अंतुले पायउतार झाले. त्यांच्या जागी साताऱ्याकडच्या तारळ्याचे बाबासाहेब भोसले आले आणि वर्षभरात आपले वसंतदादा. "मुख्यमंत्री दोन बदलले," आप्पा म्हणाले, "माझा स्लॅब तेवढाच ऱ्हायलेला."

या सगळ्या गप्पा चालू असताना सूनबाई मान वर न करता कॉम्प्युटरवर फ्लेक्सची मांडणी करत होती. मला सगळ्यात जास्त कळलं ते तिच्या स्क्रीनवरून.

फ्लेक्सच्या खालच्या बाजूला शुभेच्छुकांच्या फोटोंची पट्टी असते. तुम्ही आम्ही ती बघतही नाही. पण दुकानात सगळ्यात जास्त भांडणं त्या पट्टीवरून होतात. कोण पहिला, कोण दुसरा, कुणाचा फोटो गोल, कुणाचा चौकोनी, कुणाच्या नावाआधी 'उद्योजक' आणि कुणाच्या नावाआधी नुसतं 'श्री'. यादी उमेदवाराच्या ऑफिसातून येते आणि रात्रीतून बदलत राहते. दुसरा माणूस पाचवा होतो, काल यादीत नसलेला अचानक साहेबांच्या खांद्याशी येतो. सूनबाई प्रत्येक बदल वेगळ्या नावानं सेव्ह करून ठेवते, कारण सकाळी कुणीतरी येऊन "माझा फोटो कुणी हलवला?" म्हणून टेबलावर हात आपटतो. त्या फायली ओळीनं उघडून बघितल्या तर निधी कसा जमत गेला ते दिसतं. मंडपवाला, ट्रान्सपोर्टवाला, प्लॉटिंगवाला, शिक्षणसंस्थेचा चेअरमन. आपण ज्यांना लॉबिस्ट म्हणत नाही, कार्यकर्ते म्हणतो.

हिशेबाच्या कागदांत शेवटी एक तक्ता असतो, इतर व्यक्ती, कंपनी, संस्था यांच्याकडून मिळालेली रक्कम लिहायचा. पक्षांनासुद्धा वीस हजारांवरच्या देणगीदाराचं नाव आयोगाला कळवावं लागतं. आमच्या व्यवसायातल्या कुणालाही विचारा, उमेदवाराचा तो तक्ता सहसा किती भरतो. भाऊ, मेहुणा, एखादा वर्गमित्र. फोटोंच्या पट्टीतली नावं आणि या तक्त्यातली नावं शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या माणसांच्या निवडणुका वाटाव्यात. मंडपवाल्यानं मंडप 'पाहुणचार' म्हणून दिलेला असतो, ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाड्या 'मित्राच्या' असतात. कायद्यानं फुकट मिळालेल्या वस्तूचीही किंमत लावून ती वहीत घ्यायची असते. माझ्या अशिलाला मी ती घ्यायला लावली, चार लोक माझ्यावर नाराज झाले, त्यातले दोघं माझे जीएसटीचे गिऱ्हाईक होते. आता एक आहे.

खर्च निरीक्षकांना माझी एकच सूचना आहे. खुर्च्या मोजता तशी ती पट्टीही वाचा. नंबरासकट.

आता दुकानाच्या उणिवा. पूर्ण रक्कम आगाऊ घेतात, एक रुपया मागे ठेवू देत नाहीत. आधी निम्मी घ्यायचे, पण पडलेला उमेदवार फोन उचलत नाही आणि निवडून आलेल्याचा पीए उचलतो, असं आप्पांचं म्हणणं. पहिल्या लॉटमधल्या सुती उपरण्यांचा रंग घामानं शर्टाला लागला. तक्रार केल्यावर दुसरा लॉट चांगला दिला, पण पांढरे शर्ट गेले ते गेले. माल पोचवत नाहीत. जत, आटपाडीकडच्यांनी स्वतःची गाडी आणायची, आणि त्या गाडीचं डिझेलही वहीत चढवायचं. बोळात चारचाकी जात नाही. बायकांना बसायला वेगळी जागा नाही, प्रचारात बायका येत नाहीत असं गृहीत धरलेलं दिसतं, जरी आतली निम्मी शिलाई बायकाच करतात. दरात घासाघीस चालत नाही. शेवटच्या तीन दिवसांत तर दर विचारलात तरी आप्पा रागावतात.

पाचपैकी मालाला साडेतीन, सूनबाईच्या शुद्धलेखनाला पाच, बिलाला पाच. वागणुकीला चार, शेवटच्या आठवड्यात दोन.

लोकसभा-विधानसभेला उभे राहणार असाल तर अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं खातं उघडा आणि दुकानाचं पहिलं पेमेंटसुद्धा त्यातूनच करा, आप्पा दुसऱ्या खात्याचे पैसे घेत नाहीत. महापालिका किंवा जिल्हा परिषद असेल तर मर्यादा आणि दर राज्य निवडणूक आयोगाकडचे असतात, ते कागद आधी आणा, मग साइज ठरवा. दुपारी दोन ते चार दुकान बंद, निवडणूक असली तरी. आणि शुभेच्छुकांची यादी सही करून, क्रमांक घालून कागदावर द्या. सूनबाई आता फोनवर बदल घेत नाही.